पुढचं बघते आहे

मंगळवार म्हणजे आमच्या गावचा बाजार. गिरणीत दळणाच्या पाट्यांची रांग दाराबाहेर गेलेली, आणि हिंदुरावदादानं भर अकरा वाजता इंजिन बंद केलं. एवढा आवाज एकदम थांबल्यावर बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. पट्टा घसरलाय, जरा दम धरा, असं त्यांना खोटंच सांगून दादा मागच्या खोलीत आला. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी त्याची भाकरी घेऊन आले होते. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, अशा अवतारात त्यानं कोपरीच्या खिशातून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"वाच. इंग्रजीत हाय."

पाकीट फोडलेलं होतं. म्हणजे आधी त्यानं स्वतः खटपट करून पाहिली होती. पण दादा सातवीतून शाळा सोडलेला, त्याचं इंग्रजी खताच्या पोत्यावरच्या आकड्यांपुढं जात नव्हतं. आणि मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. विट्याच्या कॉलेजला जाणारी गावातली पहिली मुलगी. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी मी. औषधाच्या बाटल्या, बँकेचे कागद, कुणाच्या लष्करातल्या मुलाची तार, सगळं गाव माझ्याकडे आणायचं. मला निम्मं समजायचं. जे समजायचं नाही ते जरा जास्त ठणकावून सांगायचं, हे तंत्र मला लवकर साधलं होतं.

पत्र शालनचं होतं.

शालनचे वडील मूळचे आमच्याच तालुक्यातले, पण गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा घेऊन आमच्याकडची माणसं देशभर पांगली आहेत, तसे हे कोइमतूरला जाऊन राहिले होते. शालन तिकडेच जन्मली, तिकडेच शिकली. बोलायची आमच्यासारखंच, अगदी 'का गं बया' म्हणत, पण मराठी लिहायला-वाचायला तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. लिहिणं म्हणजे इंग्रजी किंवा तमिळ. यात्रेला ती माणसं गावाकडे आली तेव्हा आमच्या गणपामामांनी मध्ये पडून तिला दाखवायचा कार्यक्रम उरकून घेतला. दादाला ती आवडली होती. तसं तो म्हणाला नाही, पण त्यानंतर दोन दिवस तो दळणात चुका करत होता. ज्वारीवर गहू ओतला होता एकीच्या.

अडचण एकच होती. दादाच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं, गिरणीच्या पट्ट्यात गेलेली. बघण्याच्या कार्यक्रमात आईनं त्याला तो हात उपरण्याखाली ठेवायला लावला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आईचं म्हणणं. दादानं तेवढ्यापुरतं ऐकलं. पण पाहुणे कोइमतूरला परतल्यावर त्याला चैन पडेना. एक दिवस मामांना गाठून त्यानं सांगितलं, की पत्र टाकून त्यांना हाताचं स्पष्ट कळवा, आणि पोरीचं काय म्हणणं आहे ते पोरीनं स्वतः लिहू दे. बापानं लिहिलेलं नको.

त्याचं हे उत्तर होतं. पाच वाक्यांचं. माझ्या हातात कागद आणि समोर दादा, खाटेच्या कडेवर टेकलेला. त्याच्या आयुष्याचा निकाल माझ्या तोंडून बाहेर पडायचा होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता.

मी आधी इंग्रजीत वाचलं, मोठ्यानं, सर वाचतात तसं. "फादर टोल्ड मी अबाउट युवर हँड. आय थॉट फॉर टू डेज. नाऊ आय ॲम लुकिंग फॉरवर्ड. आय होप यू आर ऑल्सो लुकिंग फॉरवर्ड. प्लीज टेल युवर मदर."

"आता मराठीत सांग की."

एकूण एक शब्द मला येत होता. तिथंच घात झाला. एखादा शब्द अडला असता तर मी घरी जाऊन डिक्शनरी काढली असती. लुकिंग म्हणजे बघणं, फॉरवर्ड म्हणजे पुढं. यात अडण्यासारखं काय होतं?

"बाबांनी तुमच्या हाताचं सांगितलं," मी म्हणाले. "मी दोन दिवस विचार केला. आता मी पुढचं बघते आहे. तुम्हीही पुढचं बघत असाल अशी आशा आहे. आईंना सांगा."

दादानं विचारलं, "पुढचं म्हंजे, दुसरं स्थळ?"

"तसंच दिसतंय."

त्यानं कागद माझ्या हातातून घेतला आणि खालच्या बाजूला बोट ठेवलं. "ह्ये नाव तिनं मराठीत लिवलंय बघ."

खरंच लिहिलं होतं. सगळं पत्र वळणदार इंग्रजीत आणि खाली 'शालन'. 'श'ची गाठ उलटी मारलेली, 'ल'चा पाय लांबलेला, कुणाकडून तरी गिरवून घेतल्यासारखं. नकार द्यायला बसलेली मुलगी नवऱ्या मुलाच्या भाषेत नाव काढायला शिकत बसत नाही. एवढं कळायला इंग्रजी लागत नाही, आणि मला ते तेव्हाही खटकलं होतं. पण मी अर्थ सांगून बसले होते.

"सहीच ती," मी म्हणाले. "सही कशातबी करत्यात."

"शहाणी हाय पोरगी," दादा म्हणाला. "उगं लटकवत ठेवलं न्हाई." मग कागदाची घडी घालता घालता त्यानं मला बजावलं, की हे पत्र आलं हे कुणालाही सांगायचं नाही, आईला नाही आणि आण्णांना तर नाहीच. पोरीनं स्वतःच्या हातानं नकार लिहिला हे तिच्या बापाला कळलं तर तिला घरात बोलणी बसतील. "आपनच मोडलं म्हनायचं. पत्रिका जमत न्हाई म्हनायचं. बाईमानसावर कशाला?"

एवढं बोलून तो गेला आणि इंजिन सुरू झालं.

त्यानं बोलल्याप्रमाणं केलं. पत्रिका बघणाऱ्या जोशीकाकांना त्यानं कशी गळ घातली ते मला माहीत नाही, पण गुरुवारपर्यंत पत्रिकेत दोष निघाला होता. आई हळहळली. आण्णा चिडले, हे आधी नाही का दिसलं म्हणाले. गणपामामांना त्यांच्या कामासाठी कोइमतूरला जायचंच होतं, सोमवारी मिरजेहून गाडी होती. जाताय तसं तोंडीच सांगा, पत्रानं नको, असं ठरलं.

शुक्रवारी कॉलेजात देशिंगकर सरांनी नोकरीचा अर्ज कसा लिहावा ते शिकवायला घेतलं. अर्जाचं शेवटचं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि मला उठवलं. वर्गात मुली चारच, आणि उत्तर द्यायची हौस मलाच. मी उभी राहिले आणि फळ्यावरचे शब्द पाहून अजिबात विचार न करता म्हणाले, "मी तुमच्या उत्तराचं पुढचं बघते आहे."

सर हसले. वाईट हसणारे नव्हते ते. म्हणाले, "पुढचं काय बघतेस बाई? लुकिंग फॉरवर्ड म्हणजे वाट बघणं. आणि नुसती वाट बघणं नव्हे हं. एसटीची आपण वाट बघतो, तिला लुकिंग फॉरवर्ड नाही म्हणायचं. आनंदानं वाट बघणं. माहेरी जायचं ठरलेली सासुरवाशीण बघते तशी."

वर्ग हसला. मी खाली बसले. उरलेल्या तासात मी काय ऐकलं ते मला आठवत नाही.

तास संपल्यावर मी सरांच्या मागे गेले. फळ्यावर त्या शब्दांच्या पुढं 'टू' होता. पत्रात तो नव्हता. मला बुडत्याला काडी सापडली होती. मी विचारलं, "सर, पुढं टू नसला तर अर्थ बदलतो का?"

"टू लागतोच. कशाची वाट बघतोय ते सांगायला नको का?"

"पण एखाद्यानं नाहीच लिहिला तर?"

"तर लिहिणाऱ्याचं व्याकरण कच्चं. अर्थ तोच."

म्हणजे तिनं दोन दिवस विचार केला होता, आणि आता ती आनंदानं वाट बघत होती. तुम्हीही बघत असाल अशी आशा आहे, असं तिनं लिहिलं होतं. आईंना सांगा, असंही लिहिलं होतं. आणि मामा सोमवारी निघणार होते.

एसटीत मी सगळी वाक्यं जुळवली. दादा, माझी चूक झाली. एवढंच म्हणायचं होतं. त्याला राग आला असता तरी तो दोन मिनिटांत हसला असता, हे मला स्वच्छ माहीत होतं. उरलेलं आयुष्य तो मला 'पुढचं बघ' म्हणून चिडवत राहिला असता, तेवढीच शिक्षा.

घरी पोचले तर ओसरीवर आण्णांचे एक चुलतभाऊ येऊन बसलेले. विषय माझाच. कऱ्हाडकडचं स्थळ होतं. हिंदुरावचं हे असं मोडलं, तर निदान मालाचं तरी उरकून टाका, कॉलेज करून काय कलेक्टर होणार आहे का, असं चाललं होतं. आण्णांचं मत तसंच होतं. मला कॉलेजात घालायला ते मुळातच तयार नव्हते, दादानं हट्ट धरला म्हणून मी जात होते. मी दारात चपला काढत होते तेव्हा दादा आण्णांना सांगत होता, "आण्णा, घरात एक तरी इंग्रजी वाचनारं मानूस पायजे. आपल्याला आला कागद तर काय दुसऱ्याच्या दारात जायचं? मालाला कळतंय सगळं. ती शिकंल."

मी तशीच आत गेले आणि चुलीपुढं बसले.

आता यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा कारणानं? मी स्वतःला हेच हजार वेळा विचारलं आहे. पण तेव्हा ते एवढंसं नव्हतं. माझं सगळं कॉलेज दादाच्या त्या एका वाक्यावर उभं होतं, मालाला कळतंय सगळं. ते वाक्य मी माझ्या हातानं कसं पाडणार? आण्णांच्या कानावर एवढंच गेलं असतं, की पोरीला पाच ओळींचं पत्र वाचता आलं नाही, तर महिन्याभरात मी कऱ्हाडला भाकऱ्या थापत असते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मला भीती वाटली, आणि मी माझं पाहिलं. सरळ शब्दांत ते एवढंच आहे.

तरी रविवारी मी गिरणीत गेले. रविवारी गर्दी नसते. दादा जात्याच्या पाळीला टाके घालत होता, हातोडी उजव्या हातात आणि छिन्नी डाव्याच्या तीन बोटांत धरलेली. मी बराच वेळ उभी राहिले. त्यानं वर न बघताच विचारलं, काय गं, काय पाहिजे?

"दादा, त्या पत्राचं..."

"सोड ते," तो म्हणाला. "तिच्या जागी तू आसतीस तर तुला मी काय सांगितलं आसतं? दोन बोटं नसल्याल्या मानसाला दे म्हनलं आसतं का? रास्त हाय तिचं. मला राग न्हाई."

तोंडाशी आलेलं मी गिळलं. "तसं न्हाई, आई म्हणत होती, पीठ जाड येतंय," असं म्हणाले.

"म्हनून तर टाके घालतोय," दादा म्हणाला.

सोमवारी मामा गेले.

तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा दादा बाजाराला गेला होता. आईशी बोलता बोलता मामांनी तिकडची हकीकत सांगितली. शालनच्या वडिलांनी फार वाईट वाटून घेतलं नाही, पत्रिकेपुढं कुणाचं चालतंय म्हणाले. पोरगी मात्र मामा निघताना दारापर्यंत आली आणि तिनं एकच विचारलं, "मामा, माझ्या पत्रात काय चुकलं हुतं का?" तिचं पत्र आम्हाला पोचलं होतं हे मामांना माहीत नव्हतं. ते वाटेत गहाळ झालं असणार असं समजून त्यांनी सांगितलं, काही चुकलं नाही, नशिबात नव्हतं. आई म्हणाली, गुणाची पोर हो. मी तांदूळ निवडत होते. ते तांदूळ मी त्या दिवशी दोनदा निवडले.

पुढच्या वर्षी दादाचं लग्न झालं. तारावहिनी पलूसकडच्या, कष्टाळू, तोंडाच्या जरा फटकळ पण मनानं चांगल्या. संसार चांगला झाला. दोन मुलगे झाले, गिरणीची तेलघाणी झाली, नातवंडं झाली. तो दुःखी होता असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या लग्नाच्या फोटोत त्याचा डावा हात शेल्याखाली आहे, आणि त्यानंतरच्या कुठल्याही फोटोत तो हात मला दिसलेला नाही. आधी आई लपवायला लावायची. पत्रानंतर तो स्वतःच लपवायला लागला.

मी शिकले. बी.ए. झाले, बी.एड. झाले, आणि दैवाची थट्टा म्हणा, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दर वर्षी नववीला पत्रलेखन यायचं. ते शब्द फळ्यावर लिहिले की मी वर्गाकडे पाठ करून जरा जास्तच वेळ उभी राहत असे. टू विसरलात तर अर्धा मार्क कापीन, अशी माझी दहशत होती. मुलं मागे म्हणायची, बाईंना टूचं वेड आहे. कितीतरी वर्षं मी मनात सगळा दोष त्या टूवर ढकलून पाहिला. तिनं नीट लिहिलं असतं तर मला कळलं असतं. पण ते काही पटत नसे. तिची चूक अर्ध्या मार्काची होती.

दादाला सांगायचं मी दर दिवाळीला ठरवत होते. पण आधी वहिनी होत्या. सुखाच्या संसारात कशाला खडा टाकायचा, असं स्वतःला समजवायला ते बरं होतं. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि ती सबबही गेली. तरी मी गप्पच होते. बैल गेला अन् झोपा केला, आता सांगून कुणाचं काय भलं होणार, ही नवी सबब तयार झाली.

गेल्या मार्गशीर्षात मी चार दिवस माहेरी गेले होते. दुपारी आम्ही दोघं अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. दादा आता शहात्तरचा, कानानं तसा शाबूत. त्याची नात पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत लागणार होती आणि ओट्यावर येरझाऱ्या घालत फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. ती बोलायची थांबली आणि आत गेली. दादाचा हात शेंगांवर तसाच राहिला.

"माला," तो म्हणाला, "ही आत्ता काय म्हनली गं? लुकिंग फॉरवर्ड म्हनली न्हवं?"

"हो."

"ह्ये मी ऐकल्यालं हाय. तू वाचलं हुतंस." मग म्हणाला, "पन हिचा तर आवाज हसरा हुता. पुढचं बघती म्हंजे, ही नोकरी नगं म्हनली का काय?"

मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. काहीतरी ठणकावून सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावली असती. सत्तेचाळीस वर्षं त्यानं माझ्यावर ठेवलेला विश्वास तसाच ताजा होता, आणि मला त्याचाच वीट आला होता.

"नाही दादा," मी म्हणाले. "त्याचा अर्थ, आनंदानं वाट बघते आहे."

मग मी सगळं सांगितलं. शुक्रवारचा वर्ग सांगितला, ओसरीवरचं बोलणं सांगितलं, रविवारी गिरणीत येऊन पिठाचं बोलून परत गेले ते सांगितलं. तिनं मामांना दारात काय विचारलं, तेही सांगितलं. सांगताना मी रडले. दादा रडला नाही आणि चिडलाही नाही. त्यानं मला मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हंजे ती हो म्हनली हुती," तो म्हणाला.

"हो."

"हाताचं कळल्यावर."

"कळल्यावर. दोन दिवस विचार करून."

"मला वाटायचं, हात बघून कुनीबी न्हाईच म्हनंल. तारा बिचारी बापानं दिली म्हनून आली, आसंच धरून चाललो मी. तिला कधी इचारलंबी न्हाई." मला वाटलं, आता तो मला काहीतरी बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या मनात भलतंच चाललं होतं.

"पोरीनं हो लिवलं," तो सावकाश म्हणाला, "आन् मी तिला न्हाई म्हनून सांगावा धाडला."

"तू नाही दादा. मी. चूक माझी."

"ते तुला म्हाईत, आन् आता मला म्हाईत." त्यानं सोललेले दाणे सुपात टाकले आणि उठता उठता म्हणाला, "तिच्या लेखी मीच."